चित्रं विकायची की पेन्शन कापायची? डेट्रॉइटच्या ‘ग्रँड बार्गेन’चं प्रकरण

अमेरिकेतल्या एका कलासंग्रहालयाला वाचवण्यासाठी खासगी फाउंडेशनांनी मिळून ३६.६ कोटी डॉलर दिले. त्यातला एक डॉलरही संग्रहालयाकडे गेला नाही. सगळी रक्कम गेली ती निवृत्त सफाई कामगार, कारकून, बसचालक, पोलिस आणि अग्निशमन दलाच्या जवानांच्या पेन्शन फंडात. तरीही संग्रहालय वाचलं, आणि वाचलं ते याच पैशांमुळे. कलेला अनुदान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नाट्यमहोत्सव, शिष्यवृत्ती, फार तर एखाद्या जुन्या वास्तूची डागडुजी येते. डेट्रॉइटमध्ये २०१३-१४ साली जे झालं, ज्याला ‘ग्रँड बार्गेन’ म्हणजे मोठा सौदा म्हणतात, ते यातल्या कशातच बसत नाही. संस्था चालवणाऱ्यांनी आणि देणगीदारांनी हे प्रकरण एकदा नीट उलगडून पाहावं, असं मला वाटतं.

१९५० साली डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती; २०१० साली उरली होती सात लाख. मोटारींचे कारखाने बाहेर गेले, गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला, कर भरणारी माणसं कमी झाली. पण पेन्शन घेणारी होती तेवढीच राहिली. शहराकडे निवृत्तांची संख्या कामावरच्यांपेक्षा जास्त झाली. मार्च २०१३ मध्ये मिशिगन राज्याने केविन ऑर या वकिलाला शहराचा इमर्जन्सी मॅनेजर नेमलं, म्हणजे निवडून आलेल्या महापौराच्या डोक्यावर कारभारी बसवला. १८ जुलै २०१३ रोजी शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणी सुमारे १,८०० कोटी डॉलरची, धनको एक लाखाच्या वर. एवढं मोठं शहर अमेरिकेत त्याआधी कधी दिवाळखोरीत गेलं नव्हतं.

धनकोंनी विचारायचा तोच प्रश्न विचारला: विकण्यासारखं काय आहे?

विकण्यासारखं होतं. डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स, म्हणजे डीआयए. सुमारे ६६ हजार कलाकृती. आणि इथे एक जुना व्यवहार अंगावर आला. १८८५ साली सुरू झालेलं हे संग्रहालय मुळात खासगी होतं. १९१९ साली विश्वस्तांनी ते शहराच्या हवाली केलं, कारण तेव्हा शहराकडे पैसा होता आणि खरेदीसाठी नगरपालिकेकडून दरवर्षी रक्कम मिळणार होती. ती मिळालीही. १९२२ साली शहराने व्हॅन गॉगचं एक आत्मचित्र घेतलं. अमेरिकेतल्या सार्वजनिक संग्रहालयात आलेलं त्याचं ते पहिलं चित्र. १९३० साली ब्रूगेलचं ‘द वेडिंग डान्स’ आलं. झाडांखाली वऱ्हाडी बेभान होऊन नाचताहेत, असं सोळाव्या शतकातलं खेड्यातलं लग्न. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कलासंग्रहालयांची मालकी एखाद्या ना-नफा संस्थेकडे किंवा ट्रस्टकडे असते. डीआयएची इमारत आणि संग्रह, दोन्ही शहराच्या नावावर होते. १९९८ पासून रोजचा कारभार ना-नफा संस्था पाहत होती. मालक मात्र शहरच. चांगल्या दिवसांत ज्या मालकीमुळे संग्रह वाढला, तिनेच वाईट दिवसांत तो लिलावाच्या दारात नेऊन उभा केला.

ऑर यांनी क्रिस्टीज या लिलाव कंपनीला मूल्यांकनाचं काम दिलं. शहराच्या पैशांतून घेतलेल्या २,७८१ वस्तूच तिने मोजल्या, कारण देणगीत आलेल्या वस्तूंवर दात्यांच्या अटी होत्या. डिसेंबर २०१३ मध्ये आकडा आला: ४५.४ कोटी ते ८६.७ कोटी डॉलर. ब्रूगेलचं चित्र एकटंच दहा ते वीस कोटींचं, व्हॅन गॉग आठ ते पंधरा कोटींचा. गंमत म्हणजे एकूण किमतीतला तीन चतुर्थांश भाग अवघ्या अकरा वस्तूंत होता. म्हणजे अकरा चित्रं भिंतीवरून उतरवली की बाकीचा संग्रह ‘वाचला’ असं म्हणायला धनको मोकळे. घर चालेना म्हणून देव्हाऱ्यातली चांदीची मूर्ती तेवढी काढायची आणि देव्हारा मात्र शाबूत आहे म्हणायचं, असाच तो हिशेब.

कायद्याचं इथे थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अमेरिकेत शहराची दिवाळखोरी चॅप्टर ९ खाली चालते. त्यात न्यायालय शहराला मालमत्ता विकायला लावू शकत नाही. मिशिगनचे महाधिवक्ता बिल शूटी यांनी जून २०१३ मध्येच मत दिलं होतं की संग्रह हा जनतेसाठी ठेवलेला धर्मादाय विश्वस्त निधी आहे, देणी भागवायला तो विकता येणार नाही. कागदावर चित्रं तशी सुरक्षित होती. पण देणी बुडवण्याचा आराखडा न्यायालयाकडून मंजूर करून घ्यायचा, तर ‘एवढी मालमत्ता हाताशी असून आम्हाला काहीच नाही?’ या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. शिवाय वर्षानुवर्षं कोर्टकचेरी करायला ना शहराकडे पैसा होता, ना पेन्शनरांकडे वेळ.

दुसऱ्या बाजूला हे पेन्शनर. कुणी गलेलठ्ठ पेन्शन घेत होतं असं नाही. सामान्य नगरपालिका कर्मचाऱ्याची सरासरी पेन्शन वर्षाला १९ हजार डॉलरच्या आसपास, पोलिस आणि अग्निशमनवाल्यांची तीस हजारांच्या आसपास. त्यातही पोलिस-अग्निशमनवाल्यांना केंद्र सरकारची सोशल सिक्युरिटी ही म्हातारपणची पेन्शन बहुतांशी लागू नाही, त्यामुळे असेल ती हीच. सगळ्याच पेन्शनरांना आधार होता मिशिगनच्या राज्यघटनेचा. कमावलेली पेन्शन कापता येत नाही असं तिच्यात लिहिलेलं आहे. ३ डिसेंबर २०१३ रोजी दिवाळखोरी न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनी निकाल दिला: केंद्रीय दिवाळखोरी कायद्यापुढे तो आधार टिकत नाही, पेन्शन कापता येईल. शहराच्या सुरुवातीच्या आराखड्यात सामान्य कर्मचाऱ्यांसाठी ३४ टक्क्यांपर्यंतची कपात होती.

असा हा पेच. एका हातात ब्रूगेल, दुसऱ्या हातात निवृत्त कामगाराची चूल. वर्तमानपत्रांनी तो तसाच मांडला आणि लोकांनी तसाच घेतला. चित्रांची बाजू घेणारा म्हणजे म्हाताऱ्यांच्या पोटावर उठलेला, अशी हवा झाली.

एका कागदावरचा चौकोन

या खटल्यात मुख्य मध्यस्थ होते केंद्रीय न्यायालयाचे न्यायाधीश जेराल्ड रोझेन. त्यांनी कागदाच्या पॅडवर एक रेघोट्यांचं चित्र काढलं होतं असं नंतर पुष्कळदा सांगितलं गेलं: मधल्या चौकोनात ‘आर्ट’, बाजूला पेन्शन, बाजूला राज्य सरकार, आणि बाण. कल्पना अशी. चित्रांची किंमत बाहेरच्या कुणीतरी द्यायची, पण ती धनकोंच्या सामाईक ढिगात न टाकता थेट पेन्शन फंडात टाकायची. त्या बदल्यात शहराने संग्रह आणि इमारत ना-नफा संस्थेला कायमची लिहून द्यायची. म्हणजे चित्रं ‘विकली’ही गेली आणि जागची हललीही नाहीत.

५ नोव्हेंबर २०१३ रोजी रोझेन यांनी मोठ्या फाउंडेशनांच्या प्रमुखांना बोलावलं. दक्षिण-पूर्व मिशिगनच्या कम्युनिटी फाउंडेशनच्या प्रमुख मरियम नोलंड यांनी ही जुळवाजुळव केली होती. ही मंडळी लगेच ‘हो’ म्हणणं कठीण होतं, आणि त्याचं कारण आपल्याकडच्या विश्वस्तांनाही कळेल. फाउंडेशनचा पैसा नव्या कामासाठी असतो. सरकारने खड्डा करायचा आणि आम्ही तो भरायचा, हे एकदा सुरू झालं की थांबणार कुठे? उद्या दुसरं शहर रांगेत उभं राहील. पेन्शनची थकबाकी हा विषय तर कलेच्या, शिक्षणाच्या, आरोग्याच्या कुठल्याच खात्यात मावत नव्हता.

तरी पैसे जमले. सर्वांत मोठा वाटा फोर्ड फाउंडेशनचा, साडेबारा कोटी डॉलर. क्रेस्गी फाउंडेशनचे दहा कोटी, केलॉग चार कोटी, नाइट तीन कोटी, विल्यम डेव्हिडसन अडीच कोटी. मॉट, हडसन-वेबर, अर्ब आणि खुद्द कम्युनिटी फाउंडेशनचा प्रत्येकी एक कोटी, मॅकग्रेगरचे साठ लाख. बेरीज केली तर बरोबर ३६.६ कोटी.

फोर्डच्या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं. संग्रहालयाच्या मधल्या चौकात मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये २७ भित्तिचित्रं काढली. विषय: फोर्डचा रूज कारखाना. उत्तरेच्या भिंतीवर इंजिनाचे ठोकळे ओतले जाताहेत, दक्षिणेच्या भिंतीवर गाडी जोडली जातेय. माणसं वाकलेली, पाठी ताणलेल्या, यंत्रं जवळजवळ देवतांसारखी उभी. रिव्हेरा डेट्रॉइटला पोचण्याच्या दीड महिना आधी, ७ मार्च १९३२ रोजी, त्याच कारखान्याच्या वेशीवर बेकार कामगारांच्या मोर्चावर गोळीबार होऊन माणसं मेली होती. आणि या कडव्या डाव्या चित्रकाराचं मानधन कुणी दिलं? हेन्री फोर्डचा मुलगा एड्सेल फोर्ड याने, स्वतःच्या खिशातून, वीस हजार डॉलरच्या वर. दक्षिण भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात तो संग्रहालयाचे संचालक व्हॅलेंटिनर यांच्याशेजारी उभा दिसतो. चित्रं उघडी झाल्यावर धर्मगुरूंनी आणि काही वृत्तपत्रांनी ती धुऊन टाका म्हणून गिल्ला केला. एड्सेल मागे हटला नाही. त्यानेच १९३६ मध्ये फोर्ड फाउंडेशन स्थापन केलं. ते पुढे १९५३ मध्ये न्यूयॉर्कला गेलं, आणि डेट्रॉइटशी त्याचा फारसा संबंध उरला नव्हता. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये डॅरन वॉकर त्याचे अध्यक्ष झाले आणि दोनच महिन्यांत हा प्रस्ताव पुढ्यात आला. ज्या शहरातल्या कामगारांच्या घामावर हा निधी उभा राहिला, त्यांच्याच पेन्शनला तो परत गेला. यात न्याय होता की नुसता योगायोग, हे ज्याने त्याने ठरवावं. मला यात फार उशिरा फेडलेलं देणं दिसतं.

राज्य सरकारला राजी करणं राजकीयदृष्ट्या जास्त अवघड होतं. गव्हर्नर रिक स्नायडर यांनी २० वर्षांत ३५ कोटी डॉलर देण्याचं जाहीर केलं. शेवटी विधिमंडळाने जून २०१४ मध्ये एकरकमी १९.४८ कोटी मंजूर केले. बातम्यांत सगळ्या सौद्याचा मिळून जो ८१.६ कोटींचा आकडा येतो तो राज्याचे ३५ कोटी धरून काढलेला आहे, हे वाचताना लक्षात ठेवावं. उरलेले दहा कोटी उभे करण्याचं काम संग्रहालयाच्या गळ्यात पडलं. त्यात तिन्ही मोटार कंपन्यांनी मिळून २.६ कोटी दिले.

अटी

या प्रकरणात पाहण्यासारखं सगळ्यात जास्त काही असेल तर ते रकमेत नसून तिच्यासोबतच्या अटींत आहे.

फाउंडेशनांचा पैसा एकदम गेला नाही. २० वर्षांत, वर्षाला सुमारे १.८३ कोटी, ‘फाउंडेशन फॉर डेट्रॉइट्स फ्यूचर’ नावाची वेगळी संस्था काढून तिच्यामार्फत. शहराने दरवर्षी अहवाल द्यायचा, पेन्शन फंडांनी गुंतवणुकीसाठी स्वतंत्र समिती नेमायची. राज्याचा पैसा हवा असेल तर निवृत्तांनी आराखड्याच्या बाजूने मत द्यायचं आणि राज्यघटनेच्या कलमावरून चाललेले खटले सोडून द्यायचे. एकाने पाय मागे घेतला तर सगळ्यांचे पैसे परत. जुलै २०१४ मध्ये मतमोजणी झाली तेव्हा सामान्य निवृत्तांपैकी ७३ टक्के आणि पोलिस-अग्निशमनवाल्यांपैकी ८२ टक्के मतं बाजूने पडली.

एकमेकांत अडकवलेल्या या अटींमुळेच गाडी हलली. कुणीही एकटा देणारा म्हणाला असता की माझ्या रकमेने काय होणार, तर ते खरंच होतं. पण मी नाही दिले तर इतरांचेही जातात, हे दिसत असताना नाही म्हणणं जड जातं.

पण याला मी नुसती कौतुकाची पावती देणार नाही. पेन्शनर जे मत देत होते ते कितपत मोकळ्या मनाने? ‘हो’ म्हणालात तर साडेचार टक्के कपात, ‘नाही’ म्हणालात तर त्याच्या कितीतरी पट. त्यातही साडेचार टक्के हा आकडा फसवा आहे. सामान्य कर्मचाऱ्यांची महागाईवाढ पूर्ण बंद झाली. पोलिस-अग्निशमनवाल्यांची मूळ पेन्शन शाबूत राहिली, पण महागाईवाढ निम्म्याहून खाली आली. २०२२ साली अमेरिकेत महागाई आठ टक्क्यांवर गेली तेव्हा या ओळीची खरी किंमत कळली. काही जणांच्या बचत खात्यावर पूर्वी दिलेलं जादा व्याज परत वसूल झालं. आणि निवृत्तांच्या आरोग्यखर्चाची ४३० कोटी डॉलरची जबाबदारी होती, तिच्यातला जेमतेम दहावा हिस्सा त्यांच्या पदरात पडला. औषधपाण्यासाठी कुणी ‘ग्रँड बार्गेन’ केलं नाही, कारण त्या बाजूला भिंतीवर ब्रूगेल नव्हता.

मला खटकतं ते इथे. कलेमुळे पेन्शनरांना पैसे मिळाले, हे खरं. चित्रं नसती तर एवढी फाउंडेशनं निव्वळ म्हाताऱ्या कामगारांसाठी एका टेबलाशी बसली असती, यावर माझा विश्वास नाही. म्हणजे कला विरुद्ध माणूस असा जो देखावा उभा केला होता तो खोटा होता. चित्रं हीच पेन्शनरांच्या हातातली एकमेव पत होती. पण माणसाला मदत मिळण्यासाठी त्याच्याजवळ एखादं व्हॅन गॉग असावं लागतं, हीही त्याच नाण्याची दुसरी बाजू.

पैसेवाले धनको अर्थात भडकले. बाँडचा विमा उतरवणाऱ्या सिंकोरा आणि एफजीआयसी या कंपन्यांचं म्हणणं असं की एकाच दर्जाच्या धनकोंत पेन्शनरांना झुकतं माप दिलं जातंय. त्यांनी संपूर्ण संग्रहाचं मूल्यांकन मागितलं, ते क्रिस्टीजच्या आकड्याच्या कितीतरी पट निघालं. शेवटी त्यांचीही समजूत जमिनीवर आणि भाडेपट्ट्यांवर घातली गेली: एकाला डेट्रॉइट-विंडसर बोगद्याचा वाढीव करार, दुसऱ्याला नदीकाठच्या जुन्या जो लुई अरीनाची जागा. ७ नोव्हेंबर २०१४ रोजी न्या. ऱ्होड्स यांनी आराखडा मंजूर केला. डिसेंबरमध्ये शहर दिवाळखोरीतून बाहेर आलं आणि संग्रह ना-नफा संस्थेच्या नावावर, कायमच्या धर्मादाय न्यासात गेला.

या प्रकरणाचं कौतुक होतं तेव्हा त्याआधीचं एक पान बहुतेक जण वगळतात. संग्रहालयाला पहिल्यांदा वाचवलं ते फाउंडेशनांनी नव्हे. ऑगस्ट २०१२ मध्ये, दिवाळखोरीच्या वर्षभर आधी, वेन, ओकलंड आणि मॅकॉम या तीन काउंट्यांतल्या, म्हणजे जिल्ह्यांतल्या, मतदारांनी घरपट्टीवर दहा वर्षांसाठी जादा कर मंजूर केला: दीड लाख डॉलरच्या घरामागे वर्षाला १५ डॉलर. त्यातून वर्षाला सुमारे २.३ कोटी मिळू लागले. बदल्यात तिन्ही काउंट्यांतल्या रहिवाशांना प्रवेश मोफत, शाळांच्या सहली मोफत. ट्रॉय आणि नोव्हायमध्ये मोटार कंपन्यांत काम करणारी आपली मराठी कुटुंबं भरपूर आहेत. त्यांच्या घरपट्टीच्या बिलावरही ही ओळ येते. संग्रहालयानेही हात आखडता घेतला नाही. २०१० पासून ‘इनसाइड आऊट’ या उपक्रमात चित्रांच्या चौकटीबंद, हुबेहूब प्रतिकृती उपनगरांतल्या बागांत, दुकानांच्या भिंतींवर, रस्त्याच्या कडेला लावल्या गेल्या, आणि नाइट फाउंडेशनच्या अनुदानातून तो पुढे वाढला. दिवाळखोरीत आजूबाजूचं जनमत चित्रांच्या मागे उभं राहिलं, त्यात या सगळ्याचा वाटा होता असं मी धरतो. कारण करार मोडून चित्रं विकली असती तर हा करही थांबला असता, आणि संग्रहालयाला टाळं लागलं असतं.

आपल्याकडे याच्याशी तंतोतंत जुळणारं काही नाही, पण मालकी आणि पैसा वेगळे ठेवण्याचा एक प्रयोग मुंबईत भायखळ्याला झाला. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेच्या मालकीचं. २००३ मध्ये महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जतन करणारी संस्था इन्टॅक यांच्यात करार झाला, ट्रस्ट झाला, पडझड झालेली वास्तू दुरुस्त झाली आणि २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. तिथे मालकी पालिकेकडेच राहिली. डेट्रॉइटने नेमकं उलट केलं. संग्रह शहराच्या नावावरून काढून घेणं हीच तिथे देणग्यांची किंमत होती. यात काही गमावलंही: ज्या शहराच्या करदात्यांनी १९२० च्या दशकात ही चित्रं घेतली, ज्या शहरात आज बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आहेत, त्या शहराचा संग्रहालयावर मालक म्हणून हक्क उरला नाही. चित्रं शहरातच राहतील अशी अट आहे. मतदार म्हणून आवाज मात्र आता फक्त त्या करापुरता.

आणि तो करही संपायला आला होता. २०१२ मध्ये संग्रहालयाने सांगितलं होतं की या दहा वर्षांत आम्ही मोठी कायम ठेव उभारू आणि स्वतःच्या पायांवर उभे राहू. पण त्याच वर्षांत पेन्शनसाठी दहा कोटी जमवावे लागले. जे देणगीदार कायम ठेवीला हातभार लावणार होते, त्यांच्याच दारात आधी हे मागणं न्यावं लागलं. मार्च २०२० मध्ये संग्रहालय पुन्हा मतदारांपुढे गेलं. तिन्ही काउंट्यांनी कर आणखी दहा वर्षांसाठी मंजूर केला. डेट्रॉइट शहरानेही २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून पेन्शन फंडात पुन्हा स्वतःचे पैसे भरायला सुरुवात केली आहे. फाउंडेशनांचे हप्ते २० वर्षांचेच आहेत. त्यानंतर जे काही कमी पडेल ते भरायला भिंतीवरची चित्रं मात्र तारण ठेवता येणार नाहीत.